बॅनरवर तुझाच फोटो कशाला पाहिजे त्यांना?

पत्र असं आलंय, थोडं छोटं करून देते:

"अक्का, मी आशा वर्कर आहे, लातूर-धाराशिवच्या शिवेवरच्या एका गावात. गावापासून दोन किलोमीटरवर डिस्टिलरी आहे. ओढ्याकडच्या तीन-चार विहिरींचं पाणी तीन वर्षांपासून काळ्या चहासारखं यायलंय, वास मारतंय, अंगाला खाज सुटती म्हणून बाया सांगायल्यात. आता कंपनीला प्लँट वाढवायचाय, पुढच्या महिन्यात जनसुनावणी आहे. त्याच्याआधी कंपनीनं गावात आरओचं एटीएम बसवलं, मॅनेजर साहेबांनी त्याचं पाणी पिऊन व्हिडिओ टाकला, आणि आता मोफत आरोग्य शिबिर ठेवलंय. बॅनरवर माझा फोटो टाकणार म्हणे, आणि स्टेजवरून मी एक कागद वाचायचा, की गावातले आजार पाण्यामुळं नाहीत, अस्वच्छतेमुळं आहेत. ५ हजार मानधन देतो म्हणले. माझे मालक तिथंच कंत्राटावर कामाला आहेत. नाही म्हणलं तर त्यांचं काम जातंय, हो म्हणलं तर बाया तोंडावर थुंकतील. काय करू? आणि सासूबाई विचारायल्यात की ते आरओचं पाणी प्यावं का नाही."

बाई, आधी सरळ उत्तर देते, बाकीचं मग बोलू. तो कागद वाचू नको. शिबिराला जा, म्हाताऱ्यांना रांगेत बसव, लेकरांची वजनं घे, गरोदर बायांना डॉक्टरपुढं ने, तुझं जे काम आहे ते सगळं कर, पण कागद वाचायचा नाही आणि फोटो द्यायचा नाही. कसं नाही म्हणायचं ते खाली सांगते, कारण नाही म्हणणं एवढं सोपं असतं तर तू मला पत्र कशाला लिहिलं असतंस.

आता हे मी कशावरून सांगायलेय? तर असले कागद लिहिणाऱ्या खुर्चीवर मी ९ वर्षं बसलेय. छत्रपती संभाजीनगरला, तेव्हा औरंगाबादच म्हणायचे, एका कंपनीच्या जनसंपर्क खात्यात होते, कंपनीचं नाव नाही सांगत. खातं म्हणजे काय, एक केबिन, एक फॅक्स मशीन, मी आणि एक शिपाई. आजूबाजूच्या वस्तीतून रात्रीच्या वासाची तक्रार यायची. वास कमी करणं प्लँटवाल्यांकडं होतं, माझ्याकडं फक्त 'वास' हा शब्द कमी करणं. प्रेसनोटमध्ये 'किंचित गंध' लिहायचं. सांडपाण्याला 'प्रक्रिया केलेलं पाणी' म्हणायचं, गळती झाली तर 'तांत्रिक घटना'. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, सर्व मोजमापं निकषांच्या आत आहेत. कोणती मोजमापं, कोणत्या दिवशीची, कुठं घेतलेली, ते काही लिहायचं नाही. संक्रांतीला वस्तीतल्या बायांचं हळदीकुंकू ठेवायचो, वाणात स्टीलचा डबा, डब्यावर कंपनीचं नाव. शाळेत चित्रकला स्पर्धा, विषय 'माझं हिरवं गाव'. पत्रकार कंपनी बघायला आले की फिरवायचा रस्ता पण ठरलेला, गेटमधून गुलाबाची बाग, बागेतून माशांची टाकी, टाकीपासून थेट जेवणाच्या हॉलात. टाकीत म्हणे आमचं शुद्ध केलेलं पाणी, आणि त्यात मासे पोहायलेत, म्हणजे बघा पाणी किती चांगलं! अगं, मासे मरायचे. मेले की शिपाई सायकलवर जाऊन नवीन घेऊन यायचा आणि त्याचं बिल आम्ही बागकामात लावायचो. ९ वर्षांत एकाही पत्रकारानं विचारलं नाही की हे मासे टाकीत कधीपासून आहेत. मीही सांगितलं नाही, पगार चांगला होता.

म्हणून तुझं पत्र वाचलं तेव्हा तो कागद न बघताच मला दिसला.

लोकांना वाटतं हे पीआर, म्हणजे जनसंपर्काचं काम, म्हणजे खोटं बोलणं. खोटं फार कमी असतं त्यात, कारण खोटं पकडलं जातं. तुझ्या कागदातलंही निम्मं खरंच असेल बघ. गावात अस्वच्छता आहे का, आहे. नाल्या तुंबल्यात का, तुंबल्यात. लोक हात न धुता जेवतात का, जेवतात की. आता ह्यातल्या एकाही गोष्टीनं विहिरीचं पाणी चहासारखं होत नाही, पण विचारलं विहिरीचं आणि सांगितलं नालीचं, की ऐकणाऱ्याला वाटतं उत्तर मिळालं. आणि बघ, त्यात दोष कुणाचा निघाला? गावाचाच. ही तर लई जुनी रीत आहे. २०१७ ला यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली, आणि चर्चा कशावर झाली आठवतंय का, तर शेतकऱ्यानं मास्क घातला नाही, हातमोजे घातले नाहीत, मजुरानं उघड्या अंगानं फवारलं. मग मास्क-हातमोज्याचे किट वाटतानाचे फोटो आले. आता भादव्याच्या उकाड्यात डोक्याएवढ्या कपाशीत प्लास्टिकचा कोट घालून पाठीवर पंप घेऊन कोण दिवसभर चालू शकतो ते फोटो काढणाऱ्यांनी एकदा करून बघावं. औषध एवढं जहाल का, ते विकायला परवानगी कशी, दुकानदारानं कशात काय मिसळून दिलं, हे प्रश्न मागं पडले आणि मेलेल्या माणसाच्या तोंडावर मास्क का नव्हता हा प्रश्न पुढं राहिला. आपल्या जालना-परभणीकडंही कपाशी हीच आणि फवारा हाच, म्हणून आठवलं.

दुसरी गोष्ट. तू कागद वाचलास म्हणून गाव लगेच मानेल असं त्यांनाही वाटत नाही. ते एवढे भोळे नसतात. त्यांना फक्त गावात दोन मतं पाहिजेत. पारावर चार जण म्हणाले पाणी खराब आहे तर पाचव्यानं म्हणावं, आशाताई तर म्हणल्या तसं काही नाही. बास, एवढ्यावर काम झालं, मग म्हणायला मोकळे की गावातच एकमत नाही, अजून अभ्यास व्हायला पाहिजे. हे सिगारेटवाल्यांनी सगळ्या जगाला शिकवलं. सिगारेटच्या डांबरानं उंदरांना गाठी येतात हे छापून आल्यावर १९५३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या तंबाखू कंपन्यांचे मालक न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात जमले, हिल अँड नोल्टन नावाची पीआर कंपनी लावली, आणि ४ जानेवारी १९५४ ला चारशेच्या वर वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात दिली. त्यात सिगारेट चांगली आहे असं म्हणलेलं नव्हतं बरंका. लोकांच्या आरोग्याची आम्हाला काळजी आहे, आम्ही संशोधनाला पैसा देतो, शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, असं होतं. पुढं १९६९ चा त्यांच्यातल्याच एका कंपनीचा आतला कागद बाहेर आला, त्यात साफ लिहिलेलं, शंका हा आमचा माल आहे. सिगारेट हा माल नाही म्हणाले बघ, शंका. तुझ्या गावात तो माल उतरवायचाय आणि हमाली तुला सांगायलेत, ५ हजारात.

आणि तुलाच का? शहरात असलं काही झालं की हिरोला बोलावतात. २००३ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं १२ कोल्ड्रिंकमध्ये कीटकनाशकाचे अंश सापडल्याचं जाहीर केलं, तेव्हा एकमेकांच्या जीवावर उठलेल्या दोन कोला कंपन्या एका टेबलावर बसून पत्रकार परिषद घ्यायला लागल्या, आणि नंतर जाहिरातीत मोठे नट येऊन बाटली सुरक्षित आहे म्हणून सांगून गेले. संसदेची समिती बसली, अध्यक्ष आपले शरद पवार, आणि २००४ च्या फेब्रुवारीत समितीनं सांगितलं की त्या संस्थेचं म्हणणं बरोबर होतं. तोपर्यंत सहा महिने गेले, उन्हाळ्याची नवी जाहिरात सुद्धा तयार. तर गावात हिरो चालत नाही, गावात चालते ती रात्री दोनला बाळंतिणीला घेऊन ॲम्ब्युलन्समध्ये बसलेली बाई. मॅनेजर साहेब दहा वर्षं पाणी पीत बसले तरी त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, तुझ्यावर ठेवतात. तो विश्वास त्यांच्याकडं नाहीये म्हणून भाड्यानं मागायलेत. आणि भाडं पण काय गं, ५ हजार! आमच्या वेळी पत्रकारांच्या जेवणावळीचं बिल ह्याच्यापेक्षा जास्त व्हायचं.

आता तो पाणी पिण्याचा व्हिडिओ. ह्याच्यावर जरा थांबते, कारण ही गोष्ट मला नोकरी सोडल्यावर समजली आणि समजल्यावर दोन रात्री झोप नव्हती.

जपानमध्ये मिनामाता म्हणून गाव आहे, समुद्राकाठी, कोळ्यांची वस्ती. तिथं चिस्सो नावाचा रसायनाचा कारखाना होता, त्याचं पाणी खाडीत जायचं आणि त्या पाण्यात पारा. आधी मांजरं वेडीवाकडी नाचायला लागली, समुद्रात पडून मरायला लागली, मग माणसांचे हातपाय वाकडे व्हायला लागले, बोलता येईना, दिसेना. १९५६ च्या मे महिन्यात कारखान्याच्याच दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरनं, होसोकावा नाव त्यांचं, सरकारी आरोग्य केंद्राला कळवलं की काहीतरी वेगळाच रोग आलाय. म्हणजे कंपनीच्या पगारावरचा डॉक्टर, आणि बोंब पहिली त्यानंच मारली. १९५९ ला कुमामोतो विद्यापीठाच्या लोकांनी पाऱ्याकडं बोट दाखवलं. मग काय, लगेच दुसरी मतं हजर, कोणी म्हणे युद्धात बुडवलेल्या दारूगोळ्यामुळं झालं, कोणी म्हणे लोक सडके मासे खातात म्हणून. सडके मासे म्हणजे परत दोष कोळ्याचाच, तुझ्या कागदातल्या अस्वच्छतेसारखं.

इकडं होसोकावांनी गुपचूप कारखान्याचं पाणी अन्नात कालवून मांजरांना देऊन बघितलं. ४०० नंबरचं मांजर ऑक्टोबर १९५९ मध्ये तसंच झालं, थरथरायला लागलं, गोल गोल फिरायला लागलं. त्यांनी कंपनीला सांगितलं. कंपनीनं प्रयोग थांबवायला लावला आणि ते मांजर फाइलीत गेलं. आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला कंपनीनं पाणी शुद्ध करायचं नवीन यंत्र बसवलं, वाजतगाजत उद्घाटन केलं, आणि सगळ्यांसमोर कंपनीच्या अध्यक्षानं यंत्रातून आलेलं म्हणून ग्लासभर पाणी पिऊन दाखवलं. नंतर उघड झालं की ज्या विभागात पारा होता त्या विभागाचं पाणी ग्लासात नव्हतंच, आणि ते यंत्रही असला पारा काढायसाठी बनवलेलं नव्हतं. पाणी प्याला हे खरं, पण लोकांना भीती ज्या पाण्याची होती ते पाणी वेगळंच होतं.

तुझ्या मॅनेजरचा व्हिडिओ परत बघ आता. पाणी आरओच्या नळाचं आहे ना? मग कोणी म्हणलं होतं आरओचं पाणी खराब आहे? ओढ्याकडच्या विहिरीत पोहरा सोडा, वर काढा, ग्लास भरा आणि घ्या म्हणावं साहेब. आणि रिपोर्ट पण असेलच कुठलातरी लॅबचा, त्याच्यात नमुना कुठून घेतला ही ओळ शोध. बाकी आकडे समजले नाही तरी चालतंय, ती एक ओळ समजली पाहिजे.

मिनामाताचं अजून एक राहिलं. पाणी पिल्यावर सहाच दिवसांनी, ३० डिसेंबरला, कंपनीनं आजारी लोकांशी करार केला. त्याला नाव दिलं सहानुभूतीची रक्कम, भरपाई नाही म्हणायचं. आणि आत एक कलम, की उद्या हा रोग आमच्या पाण्यामुळंच झाला असं सिद्ध झालं तरी तुम्ही परत काही मागायचं नाही. लोकांनी सह्या केल्या, घरात खायला नव्हतं. पारा सोडणं १९६८ ला थांबलं, सरकारनं कारण कबूलही त्याच वर्षी केलं. मधली ९ वर्षं लोक मासे खात राहिले, गरोदर बाया खात राहिल्या, लेकरं तशी जन्मली. तो करार कोर्टानं १९७३ मध्ये रद्द केला. म्हणून शिबिरात किंवा नंतर कोणी औषधोपचाराची मदत म्हणून चेक दिला आणि कागदावर सही मागितली तर गावातल्या बायांना सांग, घरी नेऊन वाचल्याशिवाय अंगठा नाही. मदत घ्यायला काही हरकत नाही, अंगठ्याच्या वर काय लिहिलंय ते बघायचं एवढंच.

आरओच्या मशीनबद्दल पण असंच. ज्या लातूरला २०१६ ला मिरजहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या भागात वीस लिटर थंड पाणी दारात मिळणं म्हणजे देव आल्यासारखं आहे, मला ते समजतं, तिथं उपकाराचं ओझं वाटणारच. पण कंपनी कायद्यात, २०१३ च्या, मोठ्या नफ्याच्या कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावेच लागतात, त्याला सीएसआर म्हणतात. तुमची कंपनी त्यात बसत असेल तर मशीन कायद्यानं आलंय, रिबीन मात्र साहेबांच्या हातानं कापली. त्यामुळं मशीन वापरल्यानं तोंड बंद ठेवायचं बंधन येत नाही कुणावर.

बरं, आता नाही कसं म्हणायचं. भांडू नको, भाषण नको, पर्यावरण वगैरे शब्द तर काढूच नको. एवढंच म्हण, "साहेब, मी आरोग्य खात्याची आहे, आजार कशामुळं होतो ते मी जाहीर सांगू शकत नाही, आमच्या एमओ मॅडमचं, म्हणजे मेडिकल ऑफिसरचं, लेखी पत्र आणा, त्यात जे असेल ते वाचते." लेखी पत्र बहुतेक येणार नाही, कारण कोणता डॉक्टर तपासणी न करता असं लिहून देईल? आणि हे काही कारण सांगून सुटका करून घेणं नाही, खरंच आहे ते. आजार पाण्यामुळं आहे हे तू ठरवू शकत नाहीस आणि पाण्यामुळं नाही हेही नाही. त्यांच्याकडं जायच्या आधी तुझ्या वरच्या गटप्रवर्तक ताईंना व्हॉट्सॲपवर कळवून ठेव, की कंपनीनं अमुक तारखेला असं असं वाचायला सांगितलंय, मी काय करू. तोंडी नको, मेसेज. म्हणजे उद्या कोणी म्हणलं की हिनं आडमुठेपणा केला, तर तारखेसकट मेसेज आहे. आणि फारच आग्रह झाला तर हसून म्हण, साहेब ओढ्याकडच्या विहिरींचे रिपोर्ट शिबिरात भिंतीवर लावा, ते मी स्वतः माईकवरून वाचून दाखवते.

एक गोष्ट मात्र तुला पण सांगते, वाईट वाटून घेऊ नको. उद्या रागात येऊन 'ह्या पाण्यानं कॅन्सर होतो' असं कुठंही बोलू नको, बाकीच्यांना पण बोलू देऊ नको. आमच्या खात्यात आम्ही असल्या वाक्याची वाटच बघायचो. गावकऱ्यानं एक गोष्ट वाढवून सांगितली की आम्ही तेवढी एक खोडून काढायचो आणि बाकी नऊ खऱ्या गोष्टी तिच्यासोबत वाहून जायच्या. पाणी काळं आहे, वास येतो, अमुक महिन्यापासून येतो, एवढं बोला. हे कोणी खोडू शकत नाही.

त्यासाठी वही कर. तुझी खात्याची वेगळी, ही साधी शंभर पानी. कोणत्या घरी कोणतं पाणी, वापरायचं कोणतं, प्यायचं कोणतं, खाज कधीपासून, आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी बदललं की खाज कमी होती का. कोणी माहेरी गेली पंधरा दिवस आणि अंग साफ झालं, परत आली की सुरू झालं, असं काही असेल तर तारखेनं लिही. ज्या घरात ओढ्याचं पाणी नाही तिथंही विचार, तिथंही तेवढीच खाज निघाली तर कारण दुसरं असू शकतं, आणि ते पण लिही, लपवू नको. नावं कुणाला दाखवायची नाहीत, आकडा फक्त सांगायचा.

पाण्याचा नमुना ग्रामपंचायतीकडून पाठवायला लाव. जलसुरक्षक आहेच, भूजल विभागाची प्रयोगशाळा आहे, पत्र सरपंचाच्या सहीनं जाऊ दे. जलजीवन मिशनच्या पाणी तपासणी किटचं प्रशिक्षण गावातल्या पाच बायांना द्यायचं असतं, ते किट कुठं कपाटात पडलंय बघ, पण डिस्टिलरीच्या पाण्याला तेवढं पुरत नाही. लॅबला सांगायचं रंग, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट, पोटॅश आणि सीओडी म्हणजे पाण्यातल्या घाणीचं माप, एवढं पाहिजे म्हणून. नुसतं जंतू आहेत का नाहीत एवढंच तपासलं तर रिपोर्ट स्वच्छ येईल आणि तोच बॅनरवर छापतील. आणि एक नमुना कारखान्याच्या वरच्या अंगाच्या विहिरीचा घ्याच, दोन्ही शेजारी ठेवल्यावर बोलायची गरज राहत नाही. बाटली भरताना विहिरीसकट फोटो, दोन साक्षीदार, बाटलीवर तारीख.

मळीचं पाणी म्हणजे काय ते पण समजून घे, म्हणजे कोणी काही सांगितलं तर गडबडणार नाहीस. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की साधारण ८ ते १५ लिटर तांबडं-काळं पाणी मागं राहतं, त्याला ते स्पेंट वॉश म्हणतात. हे बाहेर सोडायचं नसतं, शून्य विसर्गाची अट असते, आटवायचं, जाळायचं किंवा प्रेसमडमध्ये, म्हणजे साखर कारखान्यातल्या उसाच्या रसाच्या गाळात, मिसळून खत करायचं. साठवायच्या तळ्याला खाली अस्तर लागतं. अस्तर फाटलं, का पावसाळ्यात तळं भरून वाहिलं, का रात्रीचा टँकर ओढ्यात रिकामा झाला, की ते मुरतं आणि विहिरीत येतं. त्याचा रंग लई चिवट असतो, पाणी उकळून जात नाही, तुरटीनं पण जात नाही. आता तुमच्या विहिरीत हेच आलंय का हे रिपोर्ट सांगेल, मी इथं बसून नाही सांगू शकत.

जनसुनावणीची नोटीस निघालीय म्हणजे प्रकल्पाच्या अहवालाचा मराठी सारांश कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र इथं ठेवलेला असतो, ग्रामपंचायतीत पण यायला पाहिजे. ग्रामसेवकाला विचार, नाही म्हणला तर परत विचार. अहवालात आसपासच्या १० किलोमीटरमधल्या पाण्याचे नमुने घेतलेले असतात, कोणत्या गावाचे, कोणत्या महिन्यातले ते बघा. मी पैजेवर सांगते, तुमच्या ओढ्याकडची विहीर त्यात आहे का नाही हा सुनावणीतला सगळ्यात चांगला प्रश्न निघेल. सुनावणीला कलेक्टर किंवा त्यांच्या वतीनं अपर जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी असतो, व्हिडिओ होतो, आणि कोण काय बोललं ते शेवटी मराठीतून वाचून दाखवावं लागतं. वाचताना उठून जाऊ नका, तुमचा मुद्दा आला का नाही ऐका. कंपनीवाले टेम्पो भरून माणसं आणतील, आमच्यामुळं रोजगार मिळाला म्हणतील, मिळालाही असेल. घाबरू नका, तिथं मतदान नसतं, दोनशे माणसं बसवली तरी नोंद मुद्द्यांची होते. ज्यांना माईकची भीती वाटते त्यांनी लेखी द्यावं, पोच घ्यावी. आणि प्रदूषण मंडळाच्या ऑफिसात माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाका, १० रुपयांचं तिकीट लावून, मंडळानं कारखान्याला दिलेल्या सध्याच्या संमतीपत्राची प्रत आणि मागच्या तीन वर्षांतल्या तपासण्या मागा. ३० दिवस लागतात, म्हणून आज म्हणलं.

हे सगळं तू करायचं नाहीस, हे लक्षात घे. अर्ज बचत गटाच्या अध्यक्षानं, पत्र सरपंचानं, सुनावणीत बोलायचं ज्यांच्या विहिरी आहेत त्यांनी. तू वही ठेव. कारण तुझ्या मालकांचं काम, त्याबद्दल मी तुला खोटा धीर देणार नाही. जाऊ शकतं. कंत्राटी माणसाला काढायला कारण लागत नाही, आणि इथं तर आपलेच दात आपलेच ओठ, तिकडून पगार येतो आणि इकडून पाणी जातं. म्हणून त्यांच्याशी आधी बोल, आज रात्रीच, त्यांना बाहेरून कळायला नको. कदाचित ते तुझ्यापेक्षा जास्त सांगतील, टँकर किती वाजता निघतो हे आतल्या माणसालाच माहीत असतं. त्यांना काही करायला लावू नको, व्हिडिओ काढायला वगैरे तर अजिबात नाही. फक्त विचार. आणि तू स्टेजवर एका बाजूनंही दिसली नाहीस, तर त्यांना काढायला निमित्त कमी मिळेल, एवढंच माझं गणित आहे, ते चुकूही शकतं.

होसोकावांचं पुढं काय झालं सांगते. त्यांनी कंपनी सोडली, गावी गेले, गप्प राहिले. १९७० मध्ये कॅन्सरनं अंथरुणाला खिळले होते तेव्हा कोर्टाची माणसं दवाखान्यात त्यांच्या खाटेजवळ आली आणि त्यांनी ४०० नंबरच्या मांजराची साक्ष दिली. काही महिन्यांत गेले. लोक म्हणतात अकरा वर्षं आधी का नाही बोलले. मी नाही म्हणत, माझी लायकी नाही, मी तर मासे बदलत होते. पण त्यांची वही होती, म्हणून ती साक्ष उभी राहिली.

सासूबाईंना सांग, आरओचं पाणी प्या, काळ्या पाण्यापेक्षा शंभर पटीनं बरं. मशीनची जाळी कधी बदलली, टाकी कधी धुतली, ते महिन्यातून एकदा विचारत जा, आणि मशीनमधून जे खारट पाणी बाहेर पडतं ते कुठं सोडायलेत ते पण बघा. अंघोळीला आणि भांड्याला कोणतं वापरायचं हा प्रश्न राहतोच, शक्य असेल तर वरच्या अंगाच्या विहिरीचं आणा.

आणि एक, तुझ्या अख्ख्या पत्रात गुरांचा उल्लेख नाही. ती कुठलं पाणी पितात?